देवानं मला कशासाठी ठेवलंय? वाचकांचे प्रश्न आणि उत्तरं

उन्हाळी शिबिरं आणि संजीवन सभा आटोपल्या की या सदराकडं एकाच विषयाची पत्रं येऊ लागतात: देवाचा माझ्यासाठी काय हेतू आहे आणि तो ओळखायचा कसा? या वेळी सहा पत्रं घेतली आहेत. नावं काढली आहेत, मजकूर थोडा आटोपता केला आहे. उत्तरात दिलेले संदर्भ पवित्र शास्त्र उघडून बघा, नुसते आमच्यावर विसंबू नका.

सप्रेम सलाम. मी बी.एस्सी. झालोय, वय 24. पोलीस भरतीला दोनदा उतरलो, दोन्ही वेळा मेरिटला चार-पाच मार्कांनी राहिलो. आमच्या दारावर यिर्मया 29:11 लावलंय. आई रोज ते वाचून माझ्या डोक्यावर हात ठेवते. मग देवाची योजना नक्की काय आहे? पोलीस होणं त्याच्या मनात नाही असं समजायचं का? (एक वाचक, उदगीर)

आईंचा हात डोक्यावर राहू द्या. दारावरची 'हिताचे संकल्प' ही ओळ जिथली आहे ते पान मात्र एकदा पुरतं वाचा. यिर्मयाचे 28 आणि 29 हे दोन्ही अध्याय एका बैठकीत होतात.

इ.स.पू. 597 मध्ये बाबेलच्या राजानं यरुशलेमेतली माणसं धरून नेली. मागं राहिलेल्या यिर्मया संदेष्ट्यानं त्यांना पत्र धाडलं, ते 29व्या अध्यायात आहे. त्याच सुमारास हनन्या नावाचा एक संदेष्टा मंदिरात उभा राहून सांगत होता की दोन वर्षांत सगळं परत मिळेल. यिर्मयाच्या मानेवरचं जू त्यानं सगळ्यांदेखत मोडूनही दाखवलं. लोकांना तेच हवं होतं. यिर्मयाचं पत्र काय सांगतं? सत्तर वर्षं. तोवर घरं बांधा, बागा लावा, मुलाबाळांची लग्नं करा, ज्या शहरात नेलंय त्याचं हित बघा आणि त्याच्यासाठी प्रार्थना करा. हे सगळं सांगून झाल्यावर 'हिताचे संकल्प' येतात. म्हणजे ही ओळ ज्यांनी पहिल्यांदा ऐकली त्यांतल्या बहुतेक मोठ्या माणसांनी आपलं गाव पुन्हा पाहिलं नाही. तरी देवाचा संकल्प त्यांच्यासाठी होताच, आणि त्यांच्या वाट्याला आलेला भाग परक्या गावात नीट संसार करण्याचा होता. शिवाय वचन दिलंय ते अख्ख्या समाजाला. त्यावरून एकट्याच्या निकालाची तारीख काढायला गेलं की आपण हनन्याच्या बाजूला जाऊन बसतो.

आता दुसरं. 'देवाची इच्छा ही आहे' असं शास्त्रात सरळ कुठं म्हटलंय ते काढून बघा. 1 थेस्सलनीकाकरांस 4:3 मध्ये पवित्र राहणं, 5:18 मध्ये सर्व स्थितीत उपकार मानणं, 1 पेत्र 2:15 मध्ये चांगलं वागून निर्बुद्धांची तोंडं बंद करणं. मीखा 6:8 मध्ये न्यायानं वागणं, दयेची आवड धरणं, देवासमोर नम्र राहणं. एकाही ठिकाणी खात्याचं नाव नाही. हेतूचा मोठा वाटा असा आधीच उघड आहे आणि तो पोलीस, शिक्षक, शेतकरी सगळ्यांना सारखा लागू आहे. उरलेला भाग, म्हणजे कुठली नोकरी, कुठलं गाव, हा शहाणपणानं ठरवायचा असतो. त्यासाठीच याकोब 1:5 बुद्धी मागायला सांगतो.

आता भरती. 150 पैकी कुठले मार्क गेले ते कागदावर मांडा. 50 ची मैदानी, 100 ची लेखी. गोळा 7.26 किलोचा असतो आणि तो कमी गेला असेल तर तो सरावाचा विषय आहे, त्यात दैवी संकेत शोधू नका. 1600 मीटरला वेळ जास्त लागला असेल तर तेही तसंच. गणित-बुद्धिमत्तेत दोन्ही वेळा तेवढेच मार्क पडले असतील, मधल्या काळात अभ्यास करूनही हलले नसतील, तर मात्र तिथं थांबून विचार करावा. अपयश आलं म्हणून दार बंद असं नसतं आणि यश आलं म्हणून ते देवाकडचंच असंही नसतं. योना देवाची आज्ञा टाळून तार्शीशला पळत होता तेव्हा त्याला जहाज लगेच मिळालं होतं.

यापुढं आम्ही असं सुचवू. दोनशे पानी एक वही घ्या. सकाळी मैदानावर जाण्याआधी पंचवीस मिनिटं. लूकचे 24 अध्याय 24 दिवसांत, मग प्रेषितांची कृत्ये 28 दिवसांत, मग महिनाभर नीतिसूत्रे, तारखेला जो आकडा असेल तो अध्याय. रोज तीन ओळींपेक्षा जास्त लिहू नका: इथं देव काय करतोय, माणसाकडून काय मागतोय, मी आज काय करणार. तिसऱ्या ओळीत 'विश्वासात वाढेन' असलं लिहिलं की वही आठवडाभरात मरते. 'आत्याला फोन करून माफी मागेन' असं लिहा. रात्री झोपताना ती तिसरी ओळ झाली का, एवढं बघा.

त्याच्या जोडीला तीन महिने मंडळीत एक ठरलेलं काम घ्या. रोमकरांस 12:6-8 मध्ये सात कृपादानं, म्हणजे देवानं सेवेसाठी दिलेली सामर्थ्यं, आहेत: संदेश, सेवा, शिक्षण, बोध, दान, पुढारपण, दया. मोबाईलवर दहा प्रश्नांची चाचणी देऊन आपलं दान ठरवणारे बरेच दिसतात. त्या चाचणीत माणूस स्वतःला जे आवडतं तेच टिकमार्क करतो. दान हातात काम घेतल्यावर कळतं, आणि आधी दुसऱ्याला कळतं. तीन महिन्यांनी तीन माणसांना विचारा, पैकी एक तुमच्यापेक्षा वीस वर्षांनी तरी मोठं असावं आणि एक तुमचं तोंडावर कौतुक न करणारं. 'माझ्या हातून काय चांगलं होतं आणि काय होत नाही?' एवढाच प्रश्न. उत्तर ऐकून वाद घालू नका, वहीत लिहा.

भरतीला एक मर्यादा वडिलांबरोबर बसून ठरवा: आणखी किती वेळा, कुठल्या वयापर्यंत. आणि आजपासून दिवसाचे चार तास कमाईला द्या. 'देवाची योजना कळेपर्यंत' रिकामं बसणं हे 2 थेस्सलनीकाकरांस 3:10 मध्ये ('काम नको त्यानं खाऊही नये') बसत नाही.

आमच्या घरसभेत एका ताईंनी संदेश दिला की माझं लग्न अमुक मुलाशी व्हावं असं देवानं दाखवलंय. मला तो मुलगा पसंत नाही. डोळे मिटून बायबल उघडलं तर रूथचं पान निघालं. नाही म्हटलं तर देवाच्या हेतूबाहेर जाईन का? (एक वाचक, सेलू)

नाही. तुम्ही नाही म्हणू शकता, आणि घाबरत म्हणायची गरज नाही.

संदेशाची पारख इतरांनी करावी, हे 1 करिंथकरांस 14:29 मध्ये सांगितलंय. न पारखता मान डोलवणं ही श्रद्धा नव्हे. पारख करताना हे बघा: तो संदेश मंडळीच्या वडीलधाऱ्यांसमोर सांगायला ताई तयार आहेत का, त्यात त्यांचं किंवा त्यांच्या नात्यातल्या कुणाचं हित गुंतलंय का, याआधी त्यांनी सांगितलेल्याचं काय झालं. 'देवानं सांगितलं, आता प्रश्न नको' असं म्हणणाऱ्याला तर दोन प्रश्न जास्तच विचारावेत. संदेश खरा असला तरी निर्णय ज्याचा त्यालाच घ्यावा लागतो. अगब नावाच्या संदेष्ट्यानं पौलाचे हात बांधले जातील हे बरोबर सांगितलं. ऐकणाऱ्यांनी त्यावरून 'जाऊ नको' असा अर्थ काढला. पौल गेलाच (प्रेषितांची कृत्ये 21:10-14).

लग्नाच्या बाबतीत उत्पत्ति 24 नेहमी पुढं केला जातो. तो नीट वाचा. अब्राहामाच्या सेवकानं खूण मागितली ती आकाशातल्या ताऱ्याची नव्हती. मला पाणी दे म्हटल्यावर जी 'तुमच्या उंटांनाही पाजते' म्हणेल ती. उंट दहा होते. तहानलेला उंट एका वेळी ऐंशी-नव्वद लिटर सहज पितो. म्हणजे झऱ्यावर उतरून किती घागरी, हिशोब करा. सेवक स्वभाव पारखत होता: अनोळखी वाटसरूसाठी एवढे कष्ट आनंदानं घेणारी कोण? आणि एवढं सगळं जुळूनही घरच्यांनी रिबकेला बोलावून विचारलं, 'या माणसाबरोबर जातेस का?' (24:58). तुम्हाला कुणी विचारलंय का?

लोकर अंगणात ठेवून दवाची खूण मागणाऱ्या गिदोनाचंही तसंच. देवानं त्याला 'जा' म्हणून आधीच सांगितलं होतं. लोकर त्याच्या शंकेपोटी आली आणि देवानं ती सोसून घेतली. चिठ्ठ्या टाकून नेमणूक केल्याचं नव्या करारात शेवटचं दिसतं ते प्रेषितांची कृत्ये 1:26 मध्ये, पेंटेकॉस्टच्या, म्हणजे पवित्र आत्मा उतरला त्या दिवसाच्या, आधी. डोळे मिटून पान उघडण्याबद्दल काय सांगावं? पुस्तक बहुधा जिथं जास्त वेळा उघडलं गेलंय तिथंच उघडतं. तुम्हाला रूथ आवडत असणार, एवढंच त्यातून कळतं.

मी स्टाफ नर्स आहे, जी.एन.एम., अकरा वर्षं नोकरी झाली. यजमान वाळूजला कंपनीत आहेत. दोन मुलं, घराचं कर्ज. मागच्या सभेत पूर्णवेळ सेवेसाठी हाक दिली तेव्हा मी रडत पुढं गेले. पाळकसाहेब म्हणतात, नांगराला हात घातलास, आता मागं बघू नकोस. राजीनामा द्यावा का? (एक वाचक, छत्रपती संभाजीनगर)

या महिन्यात नको. पुढच्याही नको.

सभेत जे झालं त्याला आम्ही खोटं म्हणत नाही. संत इग्नाती लोयोला (1491-1556) यांनी आत्मिक पारखीचे नियम लिहून ठेवलेत. आपल्याकडच्या कॅथॉलिक वाचकांना ते परिचयाचे आहेत, इतरांनीही घ्यावेत असे आहेत. त्यांतला एक इथं लागू पडतो: देवाच्या सांत्वनाचा क्षण वेगळा, आणि त्या क्षणाची ऊब अंगात असताना आपण आपल्या डोक्यानं जोडलेले बेत वेगळे. पहिल्यावर शंका घेऊ नये, दुसऱ्याची कसून तपासणी करावी. तुमचे अश्रू पहिल्यात मोडतात, राजीनामा दुसऱ्यात. त्यांचाच दुसरा नियम उलट्या वेळेसाठी आहे: मन कोरडं पडलं, उदास झालं की आधी घेतलेला निर्णय बदलू नये. सलग नाईट करून घरी आल्यावर नोकरी सोडावीशी वाटते, त्याला पाचारण, म्हणजे देवाची हाक, म्हणू नका.

नांगराचं वचन (लूक 9:62) खरं आहे. पण बुरूज बांधायच्या आधी बसून खर्चाचा हिशोब करा, हेही त्याच प्रभूनं त्याच लूकमध्ये सांगितलंय (14:28). म्हणून आधी 'पूर्णवेळ सेवा' हा शब्द बाजूला ठेवून एका वाक्यात लिहा: कुणासाठी, काय, कुठं, आठवड्याचे किती तास. उदाहरणार्थ, 'अमुक दोन वस्त्यांतल्या गरोदर बायकांची आठवड्यातून दोनदा भेट, तपासणीला दवाखान्यात सोबत, आणि प्रार्थना.' असं वाक्य लिहिता येत नसेल तर अजून ओढ आहे, काम ठरलेलं नाही.

वाक्य तयार झालं की सहा महिने साप्ताहिक सुट्टीच्या दिवशी तेच काम करून बघा. पहिले दोन महिने सगळ्यांचंच बरं चालतं. तिसऱ्या-चौथ्या महिन्यात वस्तीवरची माणसं भेटायचं टाळतात, एखादी तोंडावर बोलते, मुलांची परीक्षा येते. तेव्हाही पाय तिकडं वळतात का ते बघा. शिक्षणाचं किंवा दयेचं दान असेल तर तोवर दुसऱ्यांना दिसलेलं असतं, ते स्वतःहून तुम्हाला बोलवायला लागतात.

पैशाची परीक्षा याच काळात घ्या. तीन महिने घर फक्त यजमानांच्या पगारावर चालवा आणि तुमचा पगार आला तसा कर्जात भरा किंवा वेगळ्या खात्यात ठेवा. मुलांची फी, सासू-सासऱ्यांची औषधं, मंडळीची वर्गणी, सगळं त्या एका पगारात. निभलं तर दोन गोष्टी हाती लागतात: कर्ज कमी होतं आणि घरात कुणाचा जीव गुदमरतो ते कळतं. सोडायच्या वेळी निदान सहा महिन्यांचा घरखर्च बाजूला असावा. यजमान मनापासून हो म्हणत नसतील तर थांबा. 'देवानं मला सांगितलं' म्हणून त्यांना गप्प करू नका. त्यांच्याशीही देवाला बोलता येतं.

मंडळीकडून चार गोष्टी लेखी घ्या: काम काय, मानधन कोण आणि किती देणार, देखरेख कुणाची, आजारपणाचं काय. 'विश्वासानं जगा' हा सल्ला पुष्कळदा नियमित पगार असलेली माणसं देतात, हे आम्हाला खटकतं. दीक्षित सेवेची, म्हणजे पाळक होण्याचीच ओढ असेल तर सी.एन.आय.मध्ये (चर्च ऑफ नॉर्थ इंडिया) स्त्रियांनाही दीक्षा मिळते. त्यासाठी आधी मंडळीची शिफारस, मग डायोसिसची (बिशपच्या विभागाची) पारख आणि सेमिनरीचं शिक्षण असा रस्ता आहे. तो लांब आहे, आणि लांब असणंच बरं.

आणि आत्ताचं काम? इंजेक्शन द्यायच्या आधी तुम्ही पाच गोष्टी पडताळता: रुग्ण तोच का, औषध तेच का, मात्रा, देण्याचा मार्ग, वेळ. रात्री तीन वाजता, चाळीस खाटांच्या वॉर्डात, कुणी बघत नसताना ते पाचही नीट करणं म्हणजे कलस्सैकरांस 3:23 ('प्रभूसाठी म्हणून जिवेभावे करा') जगणं. तिथं मंचावरून हाक कुणी देत नाही, म्हणून त्याला सेवा म्हणायची सवय आपल्या मंडळ्यांना नाही. पौल करिंथात तंबू शिवत होता (प्रेषितांची कृत्ये 18:3) आणि त्याच्या प्रेषितपणात त्यामुळं काही उणं आलं नाही. उलट बाजूनं पंडिता रमाबाईंचं बघा. बाप्तिस्मा 1883 ला, मुंबईत शारदा सदन 1889 ला. केडगावच्या त्यांच्या आश्रमाचं काम वाढलं ते 1896-97 च्या दुष्काळात उपाशी मुली-बायकांना आणल्यावर. मधली सगळी वर्षं त्या समोर आलेलं काम करत होत्या. गरज दारात आली तेव्हा पाचारणाला आकार आला.

आमचं घर कोयत्यावर. दिवाळी झाली की आई-बाबा, मी आन् भाऊ कारखान्याला. मार्च-एप्रिलपस्तोर ना मंडळी, ना उपासना. सगळे म्हणतेत, जिथं ठिवलंय तिथं प्रभूसाठी करा. पण मुकादमाची उचल फिटंना. यात देवाचा हेतू हाय का? (एक वाचक, धारूर)

तुमच्या कष्टाकडं देवाचं लक्ष आहे, पण उचल, म्हणजे ऊसतोडीसाठी आगाऊ घेतलेली रक्कम, न फिटणं हा देवाचा हेतू आहे असं आम्ही म्हणणार नाही, आणि कुणी म्हटलं तर मानू नका. 'प्रभूसाठी म्हणून जिवेभावे करा' हे वचन मुळात दासांना लिहिलेलं आहे. लोक ते तिथंच सोडतात. दोन ओळी पुढं अन्याय करणाऱ्याला त्याचं फळ मिळेल असं आहे, आणि कलस्सैकरांस 4:1 मध्ये धन्यांना सांगितलंय की दासांशी न्यायानं वागा, तुम्हालाही स्वर्गात धनी आहे. ते वचन मुकादमाला आणि कारखान्याला कुणी वाचून दाखवत नाही. 'ज्या स्थितीत पाचारण झालं तीत राहा' म्हणणारा पौल तिथंच पुढं म्हणतो, मोकळं होता येत असेल तर संधी साधून घे (1 करिंथकरांस 7:21). सुटण्याची धडपड देवाविरुद्ध नाही.

म्हणून पहिलं काम वहीचं. उचल घेतली ती तारीख आणि रक्कम, कुणासमोर घेतली, रोज किती गाड्या भरल्या, काट्यावर किती टन झाले, खर्ची (हंगामात खर्चाला मिळणारे पैसे) किती घेतली, हे तुमच्या हातानं तुमच्या वहीत. मुकादमाच्या वहीवर भरवसा ठेवला तर हंगाम संपला की बाकी अंगावर फिरतेच. तुम्ही शिकलेले दिसता, टोळीतल्या बाकी कोयत्यांचाही (तोडणाऱ्या जोड्यांचाही) हिशोब लिहून द्या. पट्टा पडायच्या, म्हणजे हंगाम बंद व्हायच्या, आधी जेवढ्यांचा हिशोब चोख, तेवढ्यांना बोलायला जागा. ग्रामपंचायत अधिकाऱ्याकडून (पूर्वीचे ग्रामसेवक) ऊसतोड कामगाराचं ओळखपत्र करून घ्या. धाकटा भाऊ शाळेतला असेल तर त्याला फडात नेऊ नका. ऊसतोड कामगारांच्या मुलांसाठी संत भगवानबाबा शासकीय वसतिगृहं आहेत, जूनमध्येच समाजकल्याणच्या कार्यालयात चौकशी करा, दिवाळीला उशीर होतो.

उपासनेचं म्हणाल तर कोपीतही (फडावरच्या झोपडीतही) मंडळी होते. रविवारी फड बंद नसतो, त्यामुळं सकाळचा हट्ट धरू नका. गाडी भरून गेली, वाढं (उसाचे हिरवे शेंडे) विकून झालं, भाकरी झाली की अर्धा तास. एक गीत, मार्कच्या शुभवर्तमानाचा एक अध्याय, आजारी असेल त्याचं नाव घेऊन प्रार्थना. मार्कचे 16 अध्याय आहेत, आठवड्याला एक बैठक धरली तर हंगामात बहुतेक होऊन जातात. निघण्याआधी पाळकसाहेबांना कारखान्याचं गाव सांगा आणि हंगामात निदान एकदा या म्हणा, प्रभुभोजन घेऊन. यायलाच हवं त्यांनी. जालन्याजवळ बेथेल वसवताना रेव्हरंड नारायण शेषाद्री नुसता उपदेश करून थांबले नव्हते, त्यांनी नव्या विश्वासणाऱ्यांसाठी जमीन मिळवून वस्ती उभी केली. मराठवाड्यातल्या मंडळीला हे नवीन नाही, विसरलेलं आहे.

तुमचा स्वतःचा हेतू कुठं शोधायचा? आम्हाला तो त्या हिशोबाच्या वहीच्या आसपास दिसतो.

मी दोन वर्षांपूर्वी विश्वास ठेवला. आई एकादशी करते, वडील वारीला जातात. आमच्या गटातले भाऊ म्हणतात, देवानं तुला वेगळं केलंय, घर सोड. (एक वाचक, हिंगोली)

घरात मारहाण नाही, जिवाला धोका नाही, असं धरून लिहितो. असेल तर आधी सुरक्षित जागी जा.

मार्क 5 मधला बरा झालेला माणूस येशूबरोबर येऊ देण्याची विनंती करत होता. येशूनं त्याला घरी, आपल्या माणसांकडं पाठवलं (5:19). आणि मार्क 7:9-13 मध्ये देवाच्या नावावर आईबापांची जबाबदारी टाळणाऱ्यांना त्यानं चांगलंच सुनावलंय. वडील वारीला जातील तेव्हा पेरणीचं बघायला घरी कोण असतं? तुम्ही असा. आईच्या उपासाच्या दिवशी तिला चूल पेटवावी लागू नये एवढं करा. पूजेत तुम्ही बसत नाही हे एकदा शांतपणे सांगा, मग रोज त्यावर चर्चा नको. तिच्या देवाची टिंगल तर अजिबात नको.

रेव्हरंड ना. वा. टिळकांचा बाप्तिस्मा 1895 ला झाला. लक्ष्मीबाईंचा त्यानंतर काही वर्षांनी, त्यांच्या स्वतःच्या वाटेनं आणि स्वतःच्या वेळी. मधल्या ताटातुटीची झळ दोघांनी सोसली. घरच्यांच्या वेळेवर तुमचा ताबा नाही. गटातल्या भावांना मात्र एक विचारा: घर सोडल्यावर राहायचं कुठं, आणि माझ्या आईवडिलांच्या म्हातारपणी कोण बघणार? उत्तरं ऐकून ठरवा.

जिल्हा परिषद शाळेतून 58व्या वर्षी निवृत्त झाले. मुलं पुण्याला. आता आपला काय उपयोग, असं मनात येतं. (एक वाचक, परभणी)

बाई, स्तोत्र 71:18 म्हातारपणी वाचण्यासाठीच आहे: पुढल्या पिढीला तुझा पराक्रम सांगेपर्यंत मला सोडू नको. तीत 2:3-4 मध्ये वडील स्त्रियांना तरुण स्त्रियांना शिकवण्याचं कामच नेमून दिलंय.

तुमच्या मंडळीत पन्नाशीच्या पुढच्या किती बायकांना अजून बायबल वाचता येत नाही, त्यांची यादी करा. बहुतेकींना गीतं आणि प्रभूची प्रार्थना तोंडपाठ असते, म्हणून सुरुवात तिथूनच. पाठ असलेली ओळ मोठ्या अक्षरात फळ्यावर लिहा आणि बोट ठेवून म्हणायला लावा. अक्षरओळख मागाहून. आठवड्याला तीन दिवस, दुपारी दोन ते तीन, एका वेळी पाचजणींपेक्षा जास्त नको. जवळचं दिसत नाही म्हणून गळणाऱ्या पुष्कळ असतात, तेव्हा आधी चष्म्याची तपासणी करून घ्या. शुभवर्तमानांपैकी मार्क लहान आणि सोपं, पहिलं वाचन त्याचंच.

पुण्याच्या मुलांना रविवारी फोन कराल तेव्हा त्या आठवड्यात कुणाला कुठली ओळ वाचता आली, ते सांगा.